धर्मशिक्षणाचा तास: गोष्ट सांगून झाली की पुढे काय करायचं?

मोहरीचा_दाणा

ख्रिस्ती प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीला धर्मशिक्षणाचे आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. वर्गात ३६ मुलं. काही ख्रिस्ती, तीही वेगवेगळ्या मंडळ्यांमधली, म्हणजे वेगवेगळ्या चर्चपंथांमधली. बाकीची ख्रिस्ती नाहीत. प्रत्येक धड्याखाली "यावरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न ठरलेला, आणि मुलांचं उत्तरही ठरलेलं: खरं बोलावं, मदत करावी, मोठ्यांचं ऐकावं. बायबलमधली गोष्ट योनाची असो की जक्कयची, उत्तर तेच. मग उरलेला वेळ चित्र रंगवण्यात जातो.

तासाची आखणी नेमकी कशी करावी? गोष्ट वाचून दाखवावी की वस्तू मांडून सांगावी? आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी काय सांगावं? अनुभवी लोकांनी तपशिलात लिहिलं तर बरं होईल.

खडू_डस्टर

आधी तो "काय शिकलो" प्रश्न फळ्यावरून पुसा. तात्पर्य विचारलं की मुलं गोष्टीकडे बघत नाहीत, बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात. बाईंना काय ऐकायचंय हे त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं असतं.

३५ मिनिटं अशी वाटा. बसायला आणि शांत व्हायला ३. मागच्या तासाची आठवण २ मिनिटं, तीही मुलांकडून. गोष्ट १० (पहिली-दुसरीला ७ पुरे). गोष्टीनंतर अर्धं मिनिट कुणीच बोलायचं नाही, मग गप्पा, दोन्ही मिळून ८. हातानं काही करायला १०. शेवट २. बहुतेकांचा तास बिघडतो तो हातकामापाशी: डिंक आणि कात्री वाटण्यातच सहा मिनिटं जातात आणि गप्पांवर गदा येते. साहित्य आधीच सहा ताटल्यांत काढून ठेवा, सहा मुलांमागे एक ताटली. तरीही वेळ कमी पडला तर हातकाम कापा, गप्पा कापू नका.

गप्पांसाठी चार प्रश्न कायमचे ठेवा. कुठला भाग सगळ्यात आवडला? कुठला भाग सगळ्यात महत्त्वाचा? या गोष्टीत तू कुठे असतोस, किंवा कोण असतेस? कुठला भाग काढला तरी गोष्ट तशीच राहील? या धाटणीचे प्रश्न जेरोम बेरीमन यांच्या 'गॉडली प्ले' या, सामान मांडून बायबलच्या गोष्टी सांगायच्या पद्धतीत वापरतात. तिच्यामागे सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ मध्ये रोममध्ये सुरू केलेलं काम आहे, आणि त्याच्याही मागे माँटेसरी. पूर्ण पद्धत उचलायची गरज नाही, तिला वेगळी खोली आणि बरंच सामान लागतं. प्रश्न मात्र फुकट आहेत.

एकच पथ्य: उत्तराला "शाब्बास" म्हणू नका. एकाला शाब्बास मिळाली की पुढची पाच उत्तरं त्याच्यासारखी येतात. "हं, हे एक झालं. अजून?" एवढंच.

कात्री_डिंक

वाचून की मांडून, तर मांडून. पण सगळ्या गोष्टी नाही. वर्षाला सात-आठ गोष्टींचं सामान नीट करा, त्याच गोष्टी दर वर्षी पुन्हा येऊ द्या.

नमुना म्हणून चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, १०:२५ ते ३७): दरोडेखोरांनी मारून लुटलेल्या वाटसरूजवळून याजक (मंदिरातला पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) तसेच पुढे जातात, शोमरोन प्रांतातला माणूस थांबून मदत करतो. मातकट रंगाचं जाड कापड, ९० बाय ६० सेंमी. त्यावर रस्त्याची गडद पट्टी, ८० सेंमी लांब, १० सेंमी रुंद. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची शहरं, यरुशलेम आणि यरीहो. यरुशलेमच्या टोकाखाली चार-पाच वह्या सरकवा, म्हणजे रस्ता उतरता होईल. बायबलमध्ये तो माणूस "खाली" यरीहोकडे जातो असं म्हटलंय, आणि ते खरोखरच तसं आहे: सुमारे २५ किलोमीटरमध्ये जवळजवळ एक हजार मीटर उतार. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. दरोडेखोर इथेच का लपले, हे मुलांना उतार आणि दोन काळे खडक बघून न सांगता कळतं.

माणसं जाड पुठ्ठ्याची, ८ सेंमी उंच. खाली ३ बाय ३ सेंमीचा चौकोन आडवा चिकटवा, त्याहून लहान बैठकीवर ती उतारावर टिकत नाहीत. भर गोष्टीत याजक आडवा झाला की वर्ग हसतो आणि पुढची पाच मिनिटं हातची जातात. चेहरे काढू नका. चेहरा काढला की वाईट माणसाला भुवया वाकड्या येतात आणि उत्तर आधीच फुटतं. लॅमिनेशनही नको, खिडकीचा उजेड चमकतो आणि कडेच्या मुलांना काही दिसत नाही.

३६ मुलं एका कापडाभोवती मावत नाहीत. १८-१८ चे दोन गट करा, एक अर्धवर्तुळात खाली, दुसरा बाकांवर चित्रकामात, पुढच्या तासाला उलट. तेही शक्य नसेल तर मोठ्या टेबलावर मांडा आणि मागच्यांना उभं राहू द्या.

सांगताना नजर सामानावर ठेवा, मुलांवर नाही. तुम्ही जिकडे बघाल तिकडे मुलं बघतात. एक माणूस हलवताना बोलू नका. आधी हलवा, मग बोला.

शब्दार्थी

या गोष्टीत आणखी एक खोच आहे आणि ती मराठीतच जास्त बोचते. नावातच "चांगला" आहे. मुलांना शोमरोनी म्हणजे चांगल्या माणसाची एक जात वाटते, मग त्याने मदत केली यात नवल ते काय? मूळ ऐकणाऱ्यांसाठी शोमरोनी हा नकोसा माणूस होता; यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, हे योहान ४:९ मध्येच आहे. म्हणून गोष्टीचं नाव सांगूच नका. याजक गेला, लेवी गेला, आता तिसरा कोण येईल असं विचारा आणि थांबा. याजक, लेवी, मग साधा यहुदी माणूस, अशीच ऐकणाऱ्यांची अपेक्षा असणार. तिथे शोमरोनी आला की धक्का बसतो.

शेवटी येशू विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. ज्याला ही गोष्ट सांगितली तो शास्त्री (धर्मशास्त्राचा जाणकार) "शोमरोनी" हा शब्द उच्चारत नाही, "ज्याने दया केली तो" अशा अर्थाचं बोलतो. हे वाक्य चौथीच्या मुलांना दोनदा वाचून दाखवा आणि विचारा, त्याने नाव का घेतलं नसेल? यावर आठ मिनिटं कमी पडतात.

"शेजारी" हाही फसवा शब्द. मुलांसाठी शेजारी म्हणजे भिंतीपलीकडे राहतो तो. "ज्याच्याजवळ आपण जातो तो" असं एकदा सांगून ठेवा.

असे बरेच शब्द आहेत. "दाखला" म्हटलं की मुलांना शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. पहिली-दुसरीत सरळ "येशूने सांगितलेली गोष्ट" म्हणा, दाखला हा शब्द तिसरीत आणा. "तारण" म्हणजे घरच्यांच्या बोलण्यात कर्जासाठी ठेवलेली वस्तू. "सोडवणं, वाचवणं" म्हणा. "करार" म्हणजे सही केलेला कागद. जुना करार, नवा करार हे देव आणि माणसं यांच्यातलं वचन आहे हे सांगावं लागतं. "जकातदार" कळत नाही तोवर जक्कयची गोष्ट (लूक १९) म्हणजे झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची गंमत एवढीच राहते. तो परक्या रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसे गोळा करायचा आणि वर स्वतःसाठी काढायचा, हे आधी दहा बटणं घेऊन दाखवा: एका मुलाकडून पाच मागायची, सात घ्यायची, दोन खिशात. मग चौपट परत देतो म्हणजे किती, हे मुलं स्वतः मोजतात. दोनाचे आठ होतात तेव्हा वर्गात एकदम गडबड उडते.

"तालांत" तर सरसकट चुकीचा शिकवला जातो. ते अंगातलं कौशल्य नाही, पैशाचं माप आहे, सुमारे ६,००० दीनार. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एकच तालांत मिळालेल्याकडेही जवळपास वीस वर्षांची कमाई होती. "बिचाऱ्याला थोडंसंच मिळालं" हे वाक्य मग टिकत नाही.

दोन_वाती

प्रार्थनेबद्दल. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: ख्रिस्ती लोक काय मानतात ते शिकवणं, आणि मुलाला ते मानायला लावणं. पहिलं तुमचं काम आहे. दुसरं घराचं आणि मंडळीचं. वाक्यरचनेतच हे सांभाळता येतं. "आपण सगळे मानतो" ऐवजी "ख्रिस्ती लोक मानतात", "लूकच्या शुभवर्तमानात असं लिहिलंय". सारखं म्हणायचा कंटाळा येतो, पण तासाला तीन-चारदा पुरतं.

तासाच्या शेवटी: "मी आता एक छोटी प्रार्थना म्हणणार आहे. ज्यांना हे शब्द आपले वाटतात त्यांनी शेवटी आमेन म्हणा. बाकीच्यांनी शांत बसून आजच्या गोष्टीतलं काहीही आठवा." हात जोडा, डोळे मिटा असा हुकूम नको. आमेन कोण म्हणालं आणि कोण नाही याकडे बघायचंही नाही. मुलांना ते लगेच कळतं.

वर्ष सुरू होण्याआधी पालकांना एक पान पाठवा: तासात काय शिकवलं जातं, प्रार्थना होते का, कुठल्या सणांना चर्चमध्ये नेलं जातं, नको असल्यास मूल त्या वेळात काय करेल. लेखी संमती घ्या आणि तिथला कायदा काय म्हणतो ते मुख्याध्यापकांकडून खात्री करून घ्या. संमती नसलेल्या मुलाला वऱ्हांड्यात बसवणं ही शिक्षा होते. त्याला वाचनालयात किंवा दुसऱ्या वर्गात ठरलेलं काम हवं.

आता ख्रिस्ती मुलांमधलाच फरक, जो बरेचदा विसरला जातो. दहा आज्ञांचा मजकूर एकच (निर्गम २०), पण क्रमांक वेगळे. कॅथलिक आणि लुथरन परंपरेत मूर्तीबद्दलचा भाग पहिल्या आज्ञेत येतो आणि लोभाबद्दलच्या शेवटच्या दोन होतात. इतर बहुतेक प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मूर्तीची आज्ञा दुसरी धरतात. त्यामुळे "खून करू नको" ही एकाच्या घरी पाचवी, दुसऱ्याच्या घरी सहावी. परीक्षेत "पाचवी आज्ञा लिहा" असं विचारलंत की निम्म्या वर्गावर अन्याय. बायबलमध्ये पुस्तकं किती? प्रॉटेस्टंट ६६, कॅथलिक ७३. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटची राज्य, सामर्थ्य आणि गौरवाची ओळ काही घरांत प्रार्थनेचाच भाग आहे, कॅथलिक मुलांना ती मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) थोड्या अंतराने ऐकायची सवय असते. वर्गात एकत्र म्हणताना निम्मी मुलं थांबतात, निम्मी पुढे जातात आणि एकमेकांना "चुकलास" म्हणतात. आधीच सांगून टाका की दोन्ही बरोबर आहेत.

मोहरीचा_दाणा

हे सगळं उपयोगी आहे. आणखी तीन अडचणी. लहान मुलांना वधस्तंभाबद्दल किती सांगावं? मुलं मरणाबद्दल विचारतात तेव्हा काय बोलावं? आणि गुण कशाला द्यायचे? प्रगतिपुस्तकात धर्मशिक्षणाचा रकाना आहे.

खडू_डस्टर

पहिली-दुसरीला: येशूला पकडलं, वधस्तंभावर तो मरण पावला, त्याचे मित्र रडले, त्याला थडग्यात ठेवलं. खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन नको, चित्रही नको. आणि गुड फ्रायडेपाशी तास संपवायचा नाही. सुट्टीआधीचा शेवटचा तास असेल तर पुनरुत्थानापर्यंत त्याच तासात या, नाहीतर सहा वर्षांचं मूल आठवडाभर मेलेला येशू घेऊन घरी बसतं. तिसरी-चौथीला पिलात, खटला, "मी येशूला ओळखत नाही" हा शिष्य पेत्राचा नकार हे सविस्तर चालतं.

एक चूक मात्र कुठल्याच इयत्तेत करू नका: "यहुद्यांनी येशूला मारलं" हे वाक्य. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता. येशू, मरिया, बारा शिष्य, सगळे यहुदीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकू नये असं स्पष्ट म्हटलं. "परुशी (त्या काळचा एक यहुदी धार्मिक गट) म्हणजे ढोंगी" हेही त्याच पठडीतलं.

मरणाबद्दल तीन वाक्यं टाळा. "तो झोपलाय": मूल रात्री झोपायला घाबरतं. "देवाला आवडला म्हणून नेलं": मग देवाला आपण आवडू नये असं वाटू लागतं, आणि ते वाटणं अगदी रास्त आहे. "देवाघरी गेला" हे मोठ्यांना कळतं, मुलं विचारतात परत कधी येणार. सरळ सांगा: त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत. ख्रिस्ती लोकांची आशा आहे की ते देवाजवळ आहेत. मग गप्प बसा आणि मुलाला बोलू द्या. घरी त्याच आठवड्यात कुणी गेलं असेल तर वर्गशिक्षकांना विचारून घ्या, येशू मेलेल्या लाजराला उठवतो ती गोष्ट त्या तासाला नको.

"माझा मित्र ख्रिस्ती नाही, तो नरकात जाणार का?" हा प्रश्न मिश्र वर्गात आज ना उद्या येतोच, बहुधा तो मित्र शेजारी बसलेला असताना. उत्तर लांबवू नका: कुणाचा न्याय करणं माझं काम नाही आणि तुझंही नाही, येशूनेच तसं सांगितलंय (मत्तय ७:१).

दोन_वाती

वरच्या "गोष्टीत तू कुठे असतोस" या प्रश्नाला एक पुरवणी. एखादं मूल म्हणतं, "मी तो मार खाल्लेला." बहुतेकदा ते खेळाच्या मैदानावरचं असतं. कधीकधी नसतं. वर्गात खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका. मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना द्या. तसंच क्षमेच्या धड्यानंतर दोन मुलांना उभं करून "आता त्याला माफ कर" हे करायला लावू नका. ज्याला रोज ढकललं जातं त्याला त्यातून एवढंच कळतं की तक्रार करणं पाप आहे.

कात्री_डिंक

गुणांबद्दल: विश्वासाला गुण नाहीत, कळण्याला आहेत. "येशूवर तुझं प्रेम आहे का?" याला दहापैकी किती देणार? पाठांतरालाही निम्म्याहून कमी वजन ठेवा. तीन गोष्टी बघा. गोष्ट क्रमाने सांगता येते का (सहा चित्रं उलटसुलट देऊन लावायला सांगा). त्या गोष्टीतलं काय ख्रिस्ती लोकांना महत्त्वाचं वाटतं आणि का, हे एक-दोन वाक्यांत सांगता येतं का. आणि स्वतःचा एक प्रश्न विचारता येतो का. तिसऱ्यात ख्रिस्ती नसलेली मुलं बरेचदा पुढे असतात, कारण त्यांना गोष्ट नवी असते.

चौथीसाठी नाताळाआधी एक काम हमखास चालतं. बारा कार्डं करा: गव्हाण, मेंढपाळ, तारा, देवदूत, घर, सोनं-ऊद-गंधरस, हेरोद राजा, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी), गाढव, सराईचा मालक, तीन राजे, बैल. तीन डबे: मत्तय, लूक, कुठेच नाही. चार-चारच्या गटाला मत्तय १-२ आणि लूक १-२ उघडून द्या. गाढव, बैल, सराईचा मालक आणि "तीन राजे" शेवटच्या डब्यात जातात. भेटी तीन प्रकारच्या, पण माणसं किती ते मत्तय सांगत नाही, आणि ती गव्हाणीपाशी नाही तर घरात येतात. देवदूत हे कार्ड दोन्ही डब्यांवर हक्क सांगतं, त्यावर भांडण होतं, होऊ द्या. फक्त हे नाताळच्या नाटकाच्या तालमी सुरू होण्याआधी करा. गाढव झालेलं मूल नंतर ऐकून घेत नाही.

शब्दार्थी

वर्षाची आखणी करताना ईस्टरची तारीख आधी लिहा. पश्चिमी परंपरेत ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही पडते: २०२५ मध्ये २० एप्रिल होती, २०२७ मध्ये २८ मार्च आहे. जुनीच आखणी पुढच्या वर्षी जशीच्या तशी वापरली की पुनरुत्थानाचा धडा सण होऊन गेल्यावर येतो. ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतील तर त्यांची तारीख वेगळी निघू शकते, तीही विचारून घ्या. तिथून मागे मोजा: लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) ४० दिवसांचा, पण रविवार त्यात धरत नाहीत, म्हणून त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, ईस्टरच्या ४६ दिवस आधी. आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये, तिथे चार आठवडे राखून ठेवा.

हे मुलांना दाखवायला भिंतीवर ५२ चौकोनांचं वर्तुळ लावा. आगमनकाळ आणि लेंट जांभळे, नाताळ आणि ईस्टरचा काळ पांढरा, पेन्टेकॉस्ट (ईस्टरनंतरचा पवित्र आत्म्याचा सण) लाल, बाकी हिरवे. काही मंडळ्या हे रंग पाळत नाहीत, तेही सांगा. बाण दर सोमवारी एका मुलाने सरकवायचा. बाण टाचणीने लावू नका, चार आठवड्यांत भोक मोठं होऊन तो खाली लोंबतो आणि वर्षभर पेन्टेकॉस्टच चालू राहतो. कपड्याचं बटण आणि जाड दोरा वापरा.